दगड कोणी सरकवला?

ख्रिस्ती माणसाला शेजारीपाजारी ओळखतात ते नाताळवरून. डिसेंबर उजाडला की सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा जिन्यात थांबवून केकची चौकशी करतात. वास्तविक आमच्या श्रद्धेचा कणा आहे ईस्टर. येशू मेलेल्यांतून उठला नसता तर नाताळ म्हणजे एका सुताराच्या घरचं बारसं एवढंच उरलं असतं, आणि बारशाचा केक दोन हजार वर्षं कोणी वाटत नाही. पण नाताळचं सगळं तयार मिळतं. चांदणी, गोठा, झाड, लाल टोपी, मॉलमधला कापसाचा बर्फ. ईस्टरचं दुकानात काही मिळत नाही, आणि सण पडतो रविवारी. ज्या सणाची वेगळी सुट्टी नाही, तो आपल्या देशात कोणाच्या लक्षात राहत नाही.

सुट्टी असते ती आदल्या शुक्रवारची. त्या दिवशी प्रभू क्रूसावर मरण पावला म्हणून आम्ही उपाशी असतो, आणि ऑफिसच्या ग्रुपवर गुलाबाच्या गुच्छांसह ‘हॅपी गुड फ्रायडे’ येत असतात. माणसं प्रेमाने पाठवतात, म्हणून आम्हीही हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळे होतो. रविवारी, म्हणजे शुभेच्छा खरोखर द्यायच्या त्या दिवशी, तोच ग्रुप गाढ झोपलेला असतो.

त्यात हा सण एका जागी बसत नाही. सगळ्यांनी तो एकाच रविवारी करावा, असं इ. स. ३२५ मध्ये निकेयाच्या परिषदेत ठरलं. हिशेब असा, की २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कुठेही येऊ शकतो. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला. हे शेजारच्या काकूंना समजावून सांगितलं तेव्हा त्यांना एकदम आपलेपणा वाटला. “म्हणजे तुमची पण तिथीच की!” त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी आहे त्याच्याहून जास्त भारतीय झाल्यासारखं मला वाटलं.

मी वसईचा, कॅथलिक. बायको नगरची, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. एकाच रिकाम्या कबरेकडे जाणाऱ्या दोन वाटा आमच्या घरात येऊन मिळाल्या, आणि मिळाल्या त्या ठिकाणी वाहतूक कोंडी झाली. माझ्या लहानपणीचा ईस्टर म्हणजे शनिवारी रात्रीचा जागरण विधी. अंधारात पेटवलेला नवा अग्नी, त्यावर पेटवलेली पास्काची मोठी मेणबत्ती, आणि गुरुवारपासून मुकी असलेली घंटा पुन्हा वाजणं. तिच्या लहानपणीचा ईस्टर म्हणजे रविवारी पहाटे कबरस्तानातली उपासना, ना. वा. टिळकांची गीतं आणि पाळकसाहेबांचा उपदेश. आमच्याकडे विधी लांब आणि प्रवचन आखूड, त्यांच्याकडे नेमकं उलटं. एक वर्ष वसई, एक वर्ष नगर, असा तह झाला. तो मुलांना सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “दोन्हीकडे खाऊ असतो ना?”

मुलं मोठी होऊ लागली तसं लक्षात आलं, की आमच्या दोघांच्या आधी त्यांना ईस्टर शिकवून गेलाय एक ससा. मोबाइलवरच्या कार्टूनमधला. टोपलीतून रंगीत अंडी वाटणारा. धाकट्याने एकदा गंभीरपणे विचारलं, “डॅडी, ससा कबरेत लपला होता का?” मग मी सशाची कुळकथा शोधली. उपवासकाळात पूर्वी युरोपात अंडीही वर्ज्य असत. हे कोंबड्यांना कोणी कळवलं नव्हतं, त्यामुळे त्या देत राहिल्या आणि ईस्टरला घराघरांत अंड्यांचा साठा झाला. ससा आला जर्मन मुलखातून. गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या जर्मन वैद्याने १६८२ मध्ये ईस्टरच्या अंड्यांवरच्या लेखनात त्याची नोंद केली आहे. पुढे जर्मन लोक पेन्सिल्व्हेनियात जाऊन राहिले, त्यांच्याबरोबर ससाही गेला, आणि तिथून कार्टूनमध्ये बसून तो वसईला आला. एवढं सगळं ऐकून धाकटा म्हणाला, “पण ससा अंडी कुठून देतो?” १६८२ पासून आजवर याचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

बायकोने निश्चय केला, की आपल्या घरात ससा नको. आपण श्रद्धेवर उभ्या असलेल्या परंपरा घडवायच्या. तिने अमेरिकन आयांचे व्हिडिओ पाहिले. त्या आया फार कर्तबगार असतात. बारा प्लॅस्टिकची अंडी, प्रत्येकात एक वस्तू: नाणं, काटा, खिळा, दगड. रोज एक उघडायचं, त्या वस्तूची गोष्ट सांगायची. शेवटचं अंडं रिकामं, कारण कबर रिकामी. आमच्याकडे पहिल्याच दिवशी थोरलीने सगळी अंडी कानाशी हलवून पाहिली, आणि वाजत नाही ते रिकामं हे ओळखून पुनरुत्थान पवित्र सप्ताह सुरू होण्याआधीच जाहीर केलं.

दुसऱ्या व्हिडिओत एक पाव होता. मार्शमेलो नावाची मऊ, गोड वडी पिठाच्या पारीत बंद करून भाजायची. आत ती वितळून जाते, पाव फोडला की पोकळी. रिकामी कबर! बायकोने मार्शमेलोची ऑर्डर द्यायला मोबाइल काढला. माझी आई हे सगळं कांदा चिरता चिरता ऐकत होती. तिने विचारलं, “म्हणजे फुगा?” आमच्याकडे सणाला मैदा, अंडी आणि नारळाचं दूध घालून आंबवलेल्या पिठाचे गोळे तेलात सोडतात. ते टम्म फुगतात आणि आत पोकळ राहतात. ते खायचे इंदेलाबरोबर. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही रिकामी कबर डुकराच्या मटणाच्या रश्शात बुडवून खात होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता. मार्शमेलोची ऑर्डर रद्द झाली.

तेव्हा ठरलं, की बाहेरून काही आणायचं नाही. जे बायबलात आहे तेच घरात करायचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ कपाटातून काढलं. ख्रिस्तपुराणही वाचावं असं माझ्या मनात होतं. फादर थॉमस स्टीफन्सने मराठीत लिहिलेलं, १६१६ साली छापलेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. थोरली जेमतेम दुसरीत आहे, हे बायकोने माझ्या निदर्शनास आणलं, आणि मग आम्ही दिब्रिटोंवर थांबलो.

पवित्र गुरुवारपासून सुरुवात केली. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून घरातल्या मोठ्याने लहानांचे पाय धुवायचे. कल्पना सुंदर. मी घमेलं, कोमट पाणी आणि पंचा घेऊन बसलो. थोरलीला गुदगुल्या झाल्या आणि नम्रतेचं अर्धं पाणी माझ्या शर्टावर आलं. धाकटा वाडीतून आजोबांबरोबर आलेला, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा विधी नव्हताच, गरज होती. पाय झाल्यावर तो म्हणाला, “आता हात. आता डोकं पण.” मी रागवणार, तेवढ्यात बायकोने पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र नेमकं हेच म्हणतो. आधी पाय धुवू द्यायला तयार नसतो, आणि तयार झाल्यावर हात आणि डोकंही धुवून मागतो. पेत्राचं ऐकलं गेलं नाही. धाकट्याला मात्र आंघोळ घालावीच लागली.

शुक्रवार नगरला असेल तर क्रूसावरच्या सात उद्गारांची उपासना असते. दुपारी बारा ते तीन, सात उद्गार, बहुधा सात वक्ते, आणि प्रत्येक वक्त्याला वाटतं की मुख्य उद्गार आपलाच. पाचवा उद्गार तहानेचा आहे. तो साधारण दोनच्या सुमाराला येतो. एप्रिलच्या नगरमध्ये, पत्र्याच्या मांडवात, उपाशीपोटी, घसा कोरडा असताना त्या उद्गारावर भाष्याची गरज नसते. सगळी मंडळी तो आपापल्या घशात अनुभवत असते. तरीही वक्ता बोलतोच. माझे सासरे या उपासनेचे अनुभवी आहेत. त्यांनी मला पहिल्याच वर्षी सल्ला दिला, “जावईबापू, खिडकीकडेला बसा. चौथ्या उद्गाराला वारा सुटतो.”

वसईला असलो तर शुक्रवारी क्रुसाची वाट, दुपारची उपासना आणि मांसाहार बंद. मासा मात्र नियमात बसतो. वसईत राहणाऱ्या माणसाने मटण सोडून पापलेट खाणं हे प्रायश्चित्त आहे की बक्षीस, यावर आमच्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या कोणी तोंड उघडलेलं नाही. कारण ज्याने उघडलं त्याच्यावर सुकटीची पाळी येईल.

खरी परीक्षा शनिवारची. शनिवारी शुभवर्तमानात फारसं काही घडत नाही. प्रभू कबरेत आहे, शिष्य दारं लावून बसले आहेत. लहान मुलं असलेल्या घरात काहीच न घडणं शक्य नसतं. बायकोने परातीत एक बाग केली होती. झावळ्यांच्या रविवारी माती पसरून मेथी पेरली, ती शनिवारपर्यंत छान हिरवी वर आली. नारळाच्या करवंटीची कबर, तोंडाला गोल दगड. आत ठेवायला येशू हवा. घरात येशूची मूर्ती होती ती नाताळच्या गोठ्यातली, बाळाची. ते वयात बसेना, म्हणून गोठ्यातल्याच एका मेंढपाळाला रुमालाच्या पट्टीत गुंडाळून आत ठेवलं. बेत असा, की रात्री मुलं झोपल्यावर मेंढपाळ गुपचूप काढायचा, दगड बाजूला करायचा आणि सकाळी मुलांना आश्चर्य दाखवायचं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं पंख्याखाली लवंडलो होतो. उठून पाहतो तर दगड बाजूला आणि कबर रिकामी. थोरलीला विचारलं, ती म्हणाली, मला माहीत नाही. धाकटा भिंतीकडे बघत होता. चौकशीअंती मेंढपाळ त्याच्या उशीखाली सापडला. “आत फार अंधार होता,” तो म्हणाला.

बायको कपाळावर हात मारून बसली. मला मात्र मत्तयाचं शुभवर्तमान आठवलं. कबरेवरच्या पहारेकऱ्यांना पैसे देऊन पढवलं होतं, की आम्ही झोपलो असताना शिष्यांनी येऊन प्रेत पळवलं असं सांगा. दोन हजार वर्षं ख्रिस्ती लोक ही अफवा खोडून काढत आहेत, आणि आमच्या घरात ती शब्दशः खरी ठरली होती. पहारेकरीही झोपलेले होते. पैसे तेवढे कोणी दिले नाहीत.

इथे मला पहिल्यांदा उमगलं, की आम्ही ज्या नीटनेटक्या ईस्टरच्या मागे लागलो होतो तो बायबलात मुळी नाहीच. पहिला ईस्टर हा पहिल्यापासून शेवटपर्यंत गोंधळ होता. बायका पहाटे सुगंधी मसाले घेऊन निघाल्या, आणि दगड कोण सरकवणार हा प्रश्न त्यांना वाटेत पडला. घरून निघताना नाही, वाटेत. (आमच्या थोरलीला यात काही नवल वाटलं नाही. उन्हाळ्यात आजी आणि मावश्या वर्षभराच्या मसाल्याची पोती घेऊन गिरणीवर निघतात तेव्हा असाच प्रश्न वाटेत पडतो.) मरिया मग्दालिया साक्षात प्रभूला पाहून त्याला माळी समजली. हेही वसईच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. पहाटे वाडीत जो माणूस दिसतो तो माळीच असणार. “आजोबांसारखा?” धाकट्याने विचारलं. हो, म्हटलं, आजोबांसारखा.

बायकांनी येऊन बातमी सांगितली, तर शिष्यांना ती वायफळ बडबड वाटली. मग पेत्र आणि दुसरा शिष्य कबरेकडे धावत सुटले. तो दुसरा शिष्य पुढे गेला आणि आधी पोचला. हे लिहिलंय योहानाच्या शुभवर्तमानात, आणि परंपरा सांगते की तो दुसरा शिष्य योहानच. थोडं पुढे गेल्यावर, कबरेत कोण शिरलं हे सांगताना, तो आधी पोचल्याची पुन्हा आठवण करून दिलेली आहे. मृत्यूवर विजय मिळाल्याची सकाळ, विश्वाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी बातमी, आणि त्यात ‘मी पहिला आलो’ हे नमूद करायला विसरलेला नाही. आमच्या दोघा मुलांची रोज लिफ्टपर्यंत जी शर्यत लागते, तिला एवढा पवित्र आधार असेल असं मला वाटलं नव्हतं. थोरलीला हा उतारा पाठ आहे. तिला बाकीचं बायबलही असंच पाठ व्हावं, ही आमची प्रार्थना आहे.

जागरण विधीला मुलांना नेणं हे धाडसाचं काम. जुन्या करारातली सात वाचनं असतात, फादर दयाळू असतील तर कमी. विश्वाच्या उत्पत्तीपर्यंत मुलं जागी होती. तांबडा समुद्र दुभंगला तेव्हा दोघंही माझ्या दोन मांड्यांवर आडवी झालेली होती, आणि इस्राएल लोक पलीकडे पोचेपर्यंत माझ्या पायांना मुंग्या आल्या. मेणबत्त्या वाटल्या जातात तेव्हा प्रत्येक आईबापाचं लक्ष एकाच ठिकाणी असतं: पुढच्या बाकावरच्या बाईंच्या गजऱ्यावर. वाचनांच्या आधी होणाऱ्या पास्काच्या स्तुतिगानात मोठ्या मेणबत्तीचं मेण देणाऱ्या मधमाश्यांचाही उल्लेख आहे, तो ऐकून धाकटा म्हणाला होता, “चावेल.” वाचनं संपली, गौरवगीताला एकदम सगळे दिवे लागले, घंटा वाजल्या, आणि तो ताडकन उठून मोठ्यांदा विचारता झाला, “उठला का?” आजूबाजूच्या बाकांवर हसू फुटलं. पण प्रश्न त्या रात्रीचा तोच होता.

नगरच्या वर्षी पहाटे कबरस्तानात हाच प्रश्न अधिक बारकाईने विचारला गेला. उपासना संपल्यावर लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहत होते. धाकटा एकेका कबरीपाशी वाकून बघत होता. सासूबाईंनी विचारलं, काय शोधतोस बाळा? “इथले कोण कोण उठलेत?” सासूबाई शब्बाथ शाळेत मुलांना शिकवतात. त्यांनी क्षणभरही न थांबता उत्तर दिलं, “अजून कोणी नाही. पण नाव नोंदवलंय सगळ्यांनी.” पाळकसाहेबांचा उपदेश त्यानंतर झाला. तोही चांगला होता.

अंडी आम्ही अखेर ठेवली, ससा न घेता. कांद्याच्या सालीत आणि हळदीत उकडून रंगवलेली, आजोबांच्या वाडीत केळींच्या बुंध्याशी लपवलेली. चॉकलेटची नाहीत, कारण एप्रिलमध्ये ती लपवली की सापडेपर्यंत सांडतात. सगळी अंडी कधीच मिळत नाहीत. उरलेली मुंगसाला मिळतात. त्यालाही सण असावा, असं आजोबांचं मत आहे.

पुढच्या रविवारी किनाऱ्यावर न्याहारी, ही बायकोची कल्पना मात्र रुजली. पुनरुत्थानानंतर शिष्य मासेमारीला गेले, रात्रभर काही मिळालं नाही, पहाटे जाळं भरलं, आणि प्रभूने स्वतः काठावर निखारे पेटवून त्यांना न्याहारी दिली. त्या माशांची संख्याही दिलेली आहे, १५३. या आकड्यावर विद्वानांनी शतकानुशतकं डोकं चालवलंय. आमच्या मासेवालीला विचारलं, ती म्हणाली, “वाटे करायचे तर मोजावेच लागतात.” इतकं पटणारं भाष्य मी अजून वाचलेलं नाही. याच दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये थोमाची गोष्ट वाचतात. तो पहिल्या वेळी हजर नव्हता, आठ दिवसांनी आला, आणि तरी त्याला सगळं नव्याने दाखवलं गेलं. उपासनेला सदैव उशिरा पोचणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांचा हा आवडता संत आहे.

एवढं सगळं करूनही, घरात पक्की झालेली परंपरा आम्ही घडवलेली नाही. थोरलीला धर्मशिक्षणाच्या वर्गात कळलं, की उपवासकाळ चाळीस दिवसांचा असतो, पण ईस्टरचा आनंदकाळ पेन्टेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा. म्हणजे चर्चच्या हिशेबाने दुःखापेक्षा आनंद दहा दिवस जास्त. चाळीस दिवस गोड सोडणारी माणसं तिने पाहिली होती. पन्नास दिवस नेमाने गोड खाणारं कोणी दिसेना, म्हणून ती जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली. ईस्टरनंतर रोज सकाळी भावाला बरोबर घेऊन ती फ्रिजसमोर उभी राहते आणि सांगते, आज अमुकावा दिवस. नाही म्हणायची सोय नाही. परंपरा बायबलला धरून आहे, चर्चला मान्य आहे, आणि श्रद्धेवर उभी आहे. ती थोडी आवरती कशी घ्यावी, यावर सध्या आमच्या घरात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पहिल्यांदाच एकमताने विचार करत आहेत.